न नासणारं दूध

मसुरे,
२४ मार्च २०२५

चि. संचिता,

मावशीचे आशीर्वाद. शनिवारी सरकारी गाडीतून उतरलीस, तपासणीसाठी वाडीवाडीचं दूध बाटल्यांत भरलंस आणि माझ्या दारावरून सरळ निघून गेलीस. पाण्याचा तांब्या तरी तोंडाला लावायचास. मी रागावले तर धनेश म्हणतो, "आये, ती आता ताई नाय, सायब आसा." असेल बाई. पण ज्या साहेबाचे केस मी विंचरून दिलेत, त्याने माझ्या खळ्यात पाय ठेवायला काही हरकत नव्हती.

फोनवर बोलता आलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. पण आता माझ्या कानाला फोन लावला की नुसती गुणगुण ऐकू येते आणि मी भलत्याच प्रश्नाला हो म्हणते. मोबाईलवर बोटं मारून निरोप पाठवणं मला जमत नाही. शाळेत जन्मभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, ते आता तुझ्यावर काढणार. उत्तर पाठव, नाहीतर शुद्धलेखनाच्या चुका काढायला मी कुडाळला येईन.

गावात सध्या तुझाच विषय आहे. तू बाटल्यांत दूध ओतलंस, मग पिशवीतून एक लहान बाटली काढून त्यात थेंब टाकलेस, हे सगळ्यांनी पाहिलं. तुझी गाडी वळायच्या आत तिठ्यावर सुरू झालं, "बायन दुधात कायतरी घातल्यान. आता आमचा दूध खोटा ठरतला." धनेश एकटा त्यांच्याशी भांडला. म्हणाला, "ती माझी भैण. ती दूध खराब करूची नाय. मी इचारलंय तिका." असा भाऊ मिळायला भाग्य लागतं हो.

त्याचं मात्र हल्ली बरं चाललेलं नाही. गावातल्या घरांचं दूध गोळा करतो, टेम्पोत घालून मालवण आणि तारकर्लीच्या हॉटेलांना पोचवतो, हे तुला माहीतच आहे. शिमगा झाला की ऊन एवढं तापतं की शेवटच्या हॉटेलापर्यंत दूध फाटतं. ते परत पाठवतात आणि हा दुपारी तोंड पाडून येतो, जेवत नाही. दिव्या ग्रामपंचायतीत कामाला जाते, त्यामुळे तेजू दिवसभर माझ्याकडे. दीड वर्षाची झाली. चार दात काय आले, मला चावते. टेम्पोतलं दूध आधी तिच्या वाटीत पडतं आणि मग गावाबाहेर जातं, असा धनेशचा नियम आहे.

ते थेंब कसले होते ते कळव. मला माझ्यासाठी नको, तिठ्यावर सांगायला हवंय.

तुझी,
सुशीलामावशी


कुडाळ,
२९ मार्च

ती. मावशी,

नमस्कार. दारावरून गेले हे खरं. नातेवाइकाच्या घरात पाणी प्यायले असते तर त्याच तिठ्यावर दुसरा विषय निघाला असता. धनेश माझा मावसभाऊ आहे हे मी वरिष्ठांना आधीच सांगितलं होतं. ते हसून म्हणाले, "मॅडम, नातं बघत बसलात तर ह्या जिल्ह्यात एकही नमुना घेता येणार नाही."

थेंबांचं सांगते. आमची प्रयोगशाळा घाटापलीकडे आहे. ह्या उन्हात दूध तिथपर्यंत पोचायचं म्हणजे आंबून जाणार, आणि आंबलेल्या दुधाची तपासणी होत नाही. म्हणून नमुन्याच्या दुधात फॉर्मलीनचे थोडे थेंब घालतात. नियमातच आहे ते. बाटलीला जी चिठ्ठी लावतो तिच्यावर काय घातलं, किती घातलं आणि कोणी घातलं हे लिहून सही करावी लागते. त्यात लपवाछपवी काही नाही, तिठ्यावर खुशाल सांग.

धनेशने तिथेच विचारलं होतं मला. "ह्या काय गो ताई?" मी नाव सांगितलं. म्हणाला, "आणि एवढ्यान दूध टिकता?" मी म्हटलं, महिनाभर टिकतं. त्याचा विश्वास बसेना. बाटली हातात घेऊन उन्हात धरून बघितली त्याने, आणि मला हसू आलं. लहानपणी काजवे धरायचा तसाच चेहरा.

त्याला सांग, प्लॅस्टिकचे कॅन सोडून दे, स्टीलचे घे, रोज गरम पाण्याने धू आणि वरून बर्फ घाल. दूध फाटतं ते बहुतेक कॅनमुळेच. दूध चांगलं असेल तर त्याला माझ्याकडून काही भीती नाही.

तेजूला माझ्याकडून पापा दे. तिने मला अजून पाहिलेलंच नाही आणि मी तुमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर उभी होते, ह्याचं वाईट वाटतं.

तुझी,
संचिता


मसुरे,
१३ एप्रिल

चि. संचिता,

अहवाल आला. धनेशचं दूध प्रमाणित. तो कागद त्याने मालवणला नेऊन काचेत बसवून घेतला आणि टेम्पोत गणपतीच्या शेजारी लावला. आता हॉटेलवाल्यांना आधी तो दाखवतो आणि मग दूध मोजतो. धनेशचे वडील भिकाजीराव आज असते तर एवढा थाट बघून त्यांनी डोक्याला हात लावला असता. पण मला बरं वाटलं. माझं पोर पुन्हा ताठ मानेने घरी येतं.

तुझा सल्लाही त्याने ऐकला. स्टीलचे कॅन आणले. आणि काय सांगू, दुधात एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. फाटणं बंद झालं. शेवटच्या हॉटेलापर्यंत ताजं राहतं. एवढंच कशाला, घरात सकाळी ठेवलेलं दूध मी तापवायला विसरले, संध्याकाळी आठवलं, तर तसंच्या तसं. चैत्रातल्या उन्हात. तुमचा कायदा म्हणजे नुसता त्रास असं मी म्हणायची, ते शब्द मागे घेते.

फक्त माझ्या हाताला काय झालंय कळत नाही. दही लागत नाही. रात्री विरजण लावते आणि सकाळी पाहते तर दूध तसंच पातळ, वर विरजणाची गुठळी तरंगत असते. दोनदा विरजण बदललं. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या घरात एक दिवस दही चुकलं नव्हतं. दिव्या म्हणते, "आई, तुमचं वय झालं." पोरगी बोलते गोड, पण बोलते.

तेजू हट्टी झालीय. दुधाची वाटी दिसली की तोंड फिरवते. जबरदस्तीने पाजावं लागतं, मग थोडं बाहेर काढते. वाडीतल्या बायकांची नजर फार वाईट. मीठ-मोहरी ओवाळून टाकली, दोन दिवस बरी होती. धनेश तिला मांडीवर घेऊन बसतो आणि म्हणतो, "पी गो बाय, ह्या दूध सर्टिफिकेटाचा." शेवटचा घोट घशाखाली गेल्याशिवाय तो टेम्पो सुरू करत नाही.

ये एकदा, साहेबाचा चष्मा काढून ये.

तुझी,
मावशी


कुडाळ,
१७ एप्रिल

ती. मावशी,

काल मी पुन्हा गावात येऊन गेले हे तुला कळलंच असेल. आधी कळवणं नियमात बसत नाही, म्हणून आज लिहिते.

तारकर्लीच्या एका घरगुती हॉटेलवाल्याची तक्रार आली. मुंबईच्या पाहुण्यांची मुलं दूध प्यायली आणि घशात, पोटात आग होते म्हणून रडली. दुधाला कसलातरी उग्र वास होता, असं त्याचं म्हणणं. दूध धनेशचं होतं. मला जावं लागलं. तिठ्यावर टेम्पो थांबवला, पंच बोलावले, नमुना घेतला.

मला वाटलं होतं तो चिडेल. पण उलट त्यानेच कॅन उतरवून दिला, बाटल्या धरून दिल्या. मी थेंबांची बाटली बाहेर काढली तेव्हा माझ्याकडे बघून तो गालात हसला, जणू आम्हा दोघांचंच काही गुपित आहे. मीही हसले. त्या क्षणी मला अगदी घरच्यासारखं वाटलं. सरकारी कामात असं फार क्वचित वाटतं.

दुधात मला तरी काही वेगळं जाणवलं नाही, पण माझ्या नाकाचं काय सांगावं, दिवसभर मी त्याच बाटल्यांत वावरते. अहवाल येईलच. धनेशच्या दुधात खोट नसणार, ह्याची मला खात्री आहे. पाहुणी मुलं उन्हात खेळतात, तळलेले मासे खातात आणि मग दुधाला नावं ठेवतात.

दह्याचं मनाला लावून घेऊ नकोस. शेजारच्या जेसिंतामावशींकडून विरजण आण, त्यांचं दही मला अजून आठवतं. तेजूला मात्र डॉक्टरांना दाखव. नजर काढायची असेल तर काढ, पण दाखव.

तुझी,
संचिता


मसुरे,
२ मे

चि. संचिता,

दुसराही अहवाल चांगला आला. तोही काचेत गेला. आता गणपतीच्या दोन्ही बाजूंना एकेक कागद आहे.

तरी मी हे पत्र आनंदाने लिहीत नाही. जे जे पाहिलं ते तसंच सांगते, अर्थ तू लाव.

तक्रारीवरून गावाचं नाव खराब झालं म्हणून गावकऱ्यांनी दूधवाल्यांना देवळात बोलावलं. गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, दुधात कोण पाणी घालीत आसात, पावडर घालीत आसात, सोडो नायतर साबण घालीत आसात, तेका तू दाखय." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज धनेशचा. मला एरवी देवळातलं काही ऐकू येत नाही, पण तो ऐकू आला. माझा मुलगा देवासमोर खोटं बोलत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. तो पाणी घालत नाही, पावडर घालत नाही, सोडा नाही, साबण नाही.

मग वैभववाडीला नात्यातलं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो, दोन दिवस घर बंद. परत आले तर ओट्यावर दुधाचं पातेलं राहून गेलेलं. झाकणसुद्धा अर्धवट. म्हटलं, आता घरभर घाण सुटली असणार. झाकण काढलं. दूध होतं तसंच होतं, पांढरंशुभ्र. आंबट वास नाही, बुरशी नाही. आमच्या स्वयंपाकघरात लाल मुंग्या किती ते तू लहानपणी अनुभवलंयस. त्यांची रांग भिंतीवरून खाली आली होती, पातेल्यापासून वीतभर लांबून वळसा घालून साखरेच्या डब्याकडे गेली होती. मी तिथेच पाटावर बसले. 

जेसिंताकडून विरजण आणलं होतं. तेही लागलं नाही. मग ती स्वतःच कुंपणाशी येऊन म्हणाली, "सुशीलाबाय, माज्या घरात पण दही जायना. तुज्या धनेशाचा दूध घेतलंय तेवापासून." म्हणजे माझ्या हाताचा दोष नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

तेजू सुकत चाललीय. ओकते. पोटाला हात लावला की कळवळते. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, दूध भरपूर द्या. आम्ही देतोय.

माझ्या डोक्यात काय येतंय ते मला लिहायचं नाही. तू शिकलेली आहेस. दूध न नासण्याचं चांगलं कारण काय असू शकतं, तेवढं मला सांग.

मावशी


कुडाळ,
५ मे

मावशी,

पत्र आज मिळालं. वाचून होताच दिव्याला फोन केला आणि तेजूला टेम्पोतलं दूध अजिबात द्यायचं नाही, थेंबही नाही, असं सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, ओळखीच्या डॉक्टरीणबाई सांगतायत, काही मुलांना दूध सोसत नाही. तिच्याजवळ धनेश होता, त्यामुळे पुढे बोलता येईना. बाकीचं हे पत्र. ते तुमच्या शाळेतल्या जॉन सरांच्या हाती देते आहे, तुझ्याच हातात द्या असं बजावून. जेसिंतामावशींनाही दूध घेऊ नका म्हणून त्यांच्यातर्फेच निरोप गेला आहे.

चांगलं कारण नाही. दूध नासायलाच हवं. ते जिवंत आहे ह्याची तीच खूण.

मला वाटतं, धनेश दुधात फॉर्मलीन घालतो. मी नमुन्यात घालते तेच. ते विष आहे, मावशी. त्यात मेलेले प्राणी टिकवून ठेवतात. आम्ही ते फक्त अशा दुधात घालतो, जे पुन्हा कोणाच्या तोंडाला लागणार नाही. हे वाक्य मी त्या दिवशी त्याला सांगितलं नाही. तो विचारत होता, मी घाईत होते, गंमत वाटत होती. नाव सांगितलं, टिकतं हे सांगितलं, आणि विष आहे एवढंच राहून गेलं.

आणि आता दुसरं. दुसराही अहवाल चांगला का आला ते ऐक. नमुन्यात मीच फॉर्मलीन घालते, चिठ्ठीवर तसं लिहिते. मग प्रयोगशाळेला त्या बाटलीत फॉर्मलीन सापडलं तर ते म्हणणार, बरोबर आहे, मॅडमनी घातलंय. त्याच्या थेंबांवर मी माझे थेंब घातले आणि त्याचे दिसेनासे झाले. पाणी, पावडर, साबण आम्ही शोधून काढतो. नेमकं हे एक माझ्या हाताखाली झाकलं गेलं. ते काचेतले दोन्ही कागद खोटे नाहीत आणि तरी त्यांच्यावर विश्वास ठेवून मुलं दूध पीत आहेत.

मी उद्या येऊ शकते. पण आले तर बहीण म्हणून येणार नाही. असुरक्षित अन्नाचा गुन्हा लागतो, त्यात तुरुंग आहे. म्हणून आज एकदाच, अधिकारी असून लिहायला नको ते लिहिते. तू त्याला गाठ. टेम्पोत बाटली असेल ती मातीत पुरून टाकायला लाव. आजपासून तो थांबला तर मी काहीच पाहिलं नाही. हे पत्र चुलीत घाल.

मला भीती वाटते. तेजूची वाटते, त्याची वाटते आणि खरं सांगायचं तर माझीही वाटते.

संचिता


गोवा, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून
८ मे

चि. संचिता,

तेजूला काल इथे आणलं. ओकारीत रक्ताची तार दिसली. दिव्या आत आहे, मी बाकावर आहे. डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "कोणी घातलं?" मी म्हटलं, घरच्यांनीच. ते तसेच लगेच आत गेले. पोटाला आतून जखमा झाल्यात, असं म्हणतात. मूत्रपिंडांचं उद्या कळेल.

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी धनेशला विचारलं. मला वाटलं होतं खाली बघेल, उडवून लावेल. त्याने काय केलं सांगू? तो खूश झाला. "आये, तुका कोणी सांगल्यान? ताईन?" असं म्हणून टेम्पोतून बाटली घेऊन आला, मला दाखवायला. मासे नेणाऱ्या कुठल्याशा गाडीवाल्याकडून मिळवली होती. म्हणाला, "ह्या सरकारी औषध. प्रत्येक कॅनाक एक झाकाण. ताई स्वता घालता. तिणा घातलेला दूध दोनदा पास झाला, मगे माझा कित्याक वायट?"

तुझ्या पत्राचं नाव न काढता मी म्हटलं, विष आहे ते. तेव्हा पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. "ताई दुधात विष घालता असा म्हणतंस तू? तिठ्यावरचे लोक म्हणी होते ताच तू म्हणतंस?" मग माझ्यासमोर पेला भरून घेतला आणि गटागटा प्यायला. पेला खाली ठेवून म्हणाला, "बघ." तो गेले कित्येक दिवस रोज पितोय, संचिता. आणि तेजूच्या वाटीत तो झाकणातला थोडा जास्तच भाग घालायचा, लहान आहे, तिला ताजं मिळावं म्हणून.

मी त्याला मारलं. एवढ्या मोठ्या मुलाला. तो उभा राहून मार खात होता आणि म्हणत होता, "ताईक इचार, ताईक इचार."

तू लिहिलंस तसं बाटली पुरायची म्हणून मी मागितली. तेव्हा कळलं की ती एकच नाही. आजूबाजूच्या गावांतले दूधवाले त्याच्याकडे विचारायला येत होते, तुझं दूध टिकतं कसं म्हणून. त्याने हातचं काही राखलं नाही, सगळ्यांना शिकवलं. काचेतला कागद दाखवून शिकवलं. आता कोणाकोणाचे टेम्पो हे असलं दूध घेऊन कुठे जातायत, ते तोही सांगू शकत नाही. माझ्या एका नातीसाठी मी गप्प बसले असते. बसले असते गं, खोटं कशाला सांगू. पण इथे वॉर्डात आणखी दोन मुलं आहेत, आमच्याच बाजूची, आणि त्यांच्या आया मला विचारतात, तुमच्या पोरीला काय झालंय.

तुझं पत्र मी चुलीत घातलं. ते तू लिहिलंच नव्हतंस. आता तू ये. साहेब म्हणून ये, पोलिसांना घेऊन ये. माझ्याकडे बघून काही सोडू नकोस. फक्त नमुना घेताना ते थेंब घालू नकोस. हे पत्र जेसिंताचा रोनी घेऊन येतोय. रोज गोव्याला कामाला येतो, परत जाताना कुडाळला देईल.

धनेश तिथेच आहे. तू येशील ह्याची वाट बघतोय. म्हणतो, ताई आल्यावर आयेची समजूत काढेल.

मावशी


कुडाळ,
१० मे

ती. मावशी,

तू तिथे नव्हतीस, म्हणून तुला कोणाकडून अर्धवट कळण्याआधी मी लिहिते.

काल सकाळी आम्ही गेलो. पोलीस तिठ्याच्या अलीकडे थांबले. पंच म्हणून जॉन सर आणि ग्रामपंचायतीचे एक सदस्य. शेजारच्या गावांच्या वाटांवर आमची दुसरी माणसं होती. मी बर्फाची पेटी नेली होती आणि थेंबांची बाटली कार्यालयातच ठेवून आले होते.

धनेशने टेम्पो स्वतःच बाजूला घेतला. डोळे सुजलेले होते, इस्पितळातून फोनच येत नाही म्हणाला. पहिलं वाक्य, "तेजू बरी जातली मां गो ताई?" मी हो म्हटलं. अधिकारी म्हणून मला तेवढंही बोलायचा हक्क नव्हता. मग त्याने कॅन उतरवले, दूध ढवळून दिलं. इतर दूधवालेही कॅन घेऊन थांबले होते, कोणी पळून गेलं नाही. पळायचं काही कारण आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. मी बाटल्या भरल्या, बुचं लावायला घेतली.

तेव्हा तो म्हणाला, "ताई, औषध घालूक इसारलंस."

मी मान वर केली नाही. मला वाटलं, मी काही बोलले नाही तर तो गप्प बसेल. त्याला वाटलं मी बाटली घरी विसरले आणि सगळ्यांसमोर माझी फजिती होणार. म्हणाला, "थांब, माझ्याकडे आसा." टेम्पोत हात घातला, गणपतीच्या मागून बाटली काढली आणि मी बर्फाच्या पेटीवरून उठेपर्यंत माझ्या बाटल्यांत एकेक करून थेंब टाकले. किती जपून टाकत होता, मावशी. एकही बाहेर सांडू दिला नाही. रांगेतला एक जण आपली बाटली घेऊन पुढे आला, "मॅडम, कमी पडत आसात तर ह्येच्यातला घेवा." जॉन सरांनी तोंडावर हात घेतला आणि दुसरीकडे बघू लागले.

बाटल्या जप्त केल्या. कॅनमधून पुन्हा कोरे नमुने घेतले, बर्फात ठेवले. पोलीस पुढे आले तेव्हा धनेश माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं. त्या दिवशी सांगायला हवं होतं ते सगळं, तिठ्यावर, सगळ्यांसमोर. त्याने मला मध्येच थांबवलं नाही. शेवटी त्याने एकच विचारलं, "तेजूक मी दिलंय?" तो टेम्पोच्या चाकाशी खाली बसला.

माझा जबाबही झाला. हे द्रव्य त्याला पहिल्यांदा कोणी दाखवलं, त्याचं नाव कोणी सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं, ते मी त्यात लिहिलं आहे. माझं पुढे काय होईल ते होईल. तिन्ही मुलांच्या डॉक्टरांशी मी बोलले, दोन मुलं सुधारत आहेत. तेजूचं ते अजून काही सांगत नाहीत. तुला मी हिंमत दे म्हणायची, की तू मला, हे मला कळत नाही.

एकच राहिलं. ज्या बाटल्यांत त्याने थेंब टाकले त्या पुरावा झाल्या, त्यांनाही चिठ्ठी लावावी लागते. काय घातलं, किती घातलं, कोणी घातलं. मी त्याच्यापाशी खाली बसून त्याला नाव विचारलं. नियमच आहे तसा, तोंडाने विचारावं लागतं. त्याने सावकाश सांगितलं, धनेश भिकाजी परब. मी लिहायला लागले तर ओली बाटली सारखी घसरत होती, अक्षर उमटेना. तेव्हा त्याने बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली, मला नीट लिहिता यावं म्हणून.

संचिता